गाठ कोणाला सुटते?

इतिहासाच्या अभ्यासकापुढे 'रुमाल' हा शब्द उच्चारला, की त्याच्या डोळ्यांपुढे खिशातला रुमाल येत नाही; दफ्तरातला येतो. जुन्या दफ्तरांची रीत अशी, की कागद एका चौकोनी फडक्यात बांधायचे, वर गाठ मारायची, बांधलेल्या रुमालाला क्रमांक द्यायचा आणि यादीत त्या क्रमांकासमोर आत काय आहे ते लिहून ठेवायचे. पुण्याचे पेशवे दफ्तर अशाच हजारो रुमालांत बांधलेले होते. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. धुळेकरांना तर हे सारे घरचेच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि गावोगाव हिंडून त्यांनी जमवलेल्या कागदांचा वारसा सांभाळण्यासाठी पुढच्याच वर्षी, १९२७ साली, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

आजचा विषय मात्र इतिहासाचा नाही. तो संगणकावरच्या खेळांचा आहे. 'कुठे राजवाडे आणि कुठे पोराटोरांचे व्हिडिओ गेम!' असे ज्यांच्या मनात आले असेल, त्यांनी थोडा धीर धरावा. १९९०च्या दशकात टेक्सासातल्या काही तरुणांनी आपल्या खेळांतला माल ज्या पद्धतीने बांधून ठेवला, ती पद्धत आपल्या दफ्तरातल्या रुमालाची सख्खी बहीण आहे. आणि तीस वर्षांनंतर कोणाचा रुमाल सुटतो आणि कोणाचा सुटत नाही, हे पाहिले तर त्यातून आपल्या खानदेशाला, किंबहुना साऱ्या मराठी मुलखाला घेण्याजोगा एक धडा आहे.

१९९५-९६च्या सुमारास जळगावात मी संगणक शिकवण्याचा उद्योग करीत होतो. पोरे दिवसभर हिशेबाची कोष्टके गिरवीत आणि वर्ग सुटला की 'डूम' नावाचा खेळ लावीत. अंधाऱ्या बोळांतून बंदूक घेऊन हिंडायचे आणि राक्षसांना लोळवायचे, असा तो प्रकार. मला राक्षसांत रस नव्हता. मला नवल वाटे ते याचे, की एवढ्या भिंती, एवढे चेहरे, एवढे आवाज या खेळाने ठेवले आहेत कुठे? खेळाच्या फोल्डरमध्ये पाहावे तर फायली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक मात्र चांगली चार मेगाबाइटची, म्हणजे त्या काळच्या तीन फ्लॉप्या भरतील एवढी. सारा माल त्या एका गाठोड्यात होता.

गाठोडे कशासाठी? याला कारण होते आणि ते अगदी व्यवहारी होते. खेळ म्हणजे हजारो चिमुकल्या वस्तूंचा संसार. दाराच्या करकरीचा एक आवाज, राक्षसाच्या एका पावलाचे एक चित्र, भिंतीच्या विटांचा एक तुकडा. प्रत्येकाची वेगळी फाइल केली तर काय होईल? त्या काळच्या हार्ड डिस्कवर जागा खणाखणांनी मिळे. एक-दोन गिगाबाइटच्या डिस्कवर एक खण ३२ किलोबाइटचा असे आणि फाइल कितीही लहान असली तरी तिला अख्खा खण द्यावा लागे. ६०० बाइटच्या दोन हजार फायली घेतल्या तर खरा माल जेमतेम सव्वा मेगाबाइट. पण त्या साठ मेगाबाइटहून अधिक जागा अडवून बसत. शिवाय प्रत्येक फाइल शोधणे, उघडणे, मिटणे यात वेळ जाई तो निराळाच. रावेर-सावद्याची केळी दिल्लीला जातात ती वॅगन भरून. एकेका घडाची वेगळी पावती फाडून कोणी पाठवीत नाही. त्यातलाच हा हिशेब.

'डूम' १० डिसेंबर १९९३ रोजी बाहेर आला. तो बनवणारी कंपनी टेक्सासमधल्या मेस्किट या गावातली, इड सॉफ्टवेअर. तिने आपल्या गाठोड्याला 'वॅड' असे नाव दिले. 'सगळा डेटा आहे तरी कुठे?' या अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाची ती आद्याक्षरे. या वॅडची बांधणी इतकी सरळ आहे, की ती वर्तमानपत्राच्या एका परिच्छेदात सांगता येते. फाइलीचे पहिले बारा बाइट म्हणजे गाठोड्यावरची चिठ्ठी. त्यातल्या पहिल्या चारांत चार अक्षरे, गाठोडे कोणत्या जातीचे ते सांगणारी. पुढच्या चारांत आत वस्तू किती तो आकडा. शेवटच्या चारांत यादी कितव्या बाइटपासून सुरू होते तो आकडा. त्या जागी गेले, की यादी सापडते. यादीची प्रत्येक नोंद सोळा बाइटची: वस्तू कुठे आहे, केवढी आहे आणि तिचे नाव काय. नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे. बस्स! धुळ्यात गल्लीचा नंबर सांगितला की माणूस निम्मा घरी पोहोचतो, तसे हे आहे. नाव वाचा, पत्ता वाचा, तिथे जा, वस्तू उचला.

यादी बहुधा फाइलीच्या शेवटी असते, हेही मौजेचे आहे. सगळा माल भरून झाल्याशिवाय कोणती वस्तू कुठे पडली हे कळत नाही. म्हणून यादी मागाहून लिहायची आणि ती कुठे आहे एवढेच वर नोंदवायचे. ग्रंथाची सूची शेवटीच का करतात, ते ज्याने एखादे पुस्तक छापून काढले असेल त्याला सांगावे लागणार नाही. दुसरी एक गंमत. यादीत काही नोंदी अशा असतात, की त्यांच्यापुढे आकार शून्य. ती वस्तू नव्हेच, ती पाटी. 'पहिल्या भागाचा पहिला नकाशा' अशी एक कोरी पाटी आणि तिच्यामागे त्या नकाशाचे दहा तुकडे ओळीने: भिंतींच्या रेषा, त्यांचे कोपरे, राक्षसांच्या जागा वगैरे. रुमालातले कागद वेगळे कळावेत म्हणून मधे चिठ्ठी घालावी, तशीच ही योजना.

आता गाठोड्याच्या जातींविषयी. वॅडच्या दोन जाती होत्या. एक मूळ गाठोडे, कंपनीने दिलेले. दुसरे पुरवणीचे, ते कोणीही बांधावे. पुरवणीत मुळातल्याच नावाची वस्तू ठेवली, तर खेळ मागाहून आलेली वस्तू उचलतो. मूळ गाठोडे मात्र जसेच्या तसे राहते. जाणता वाचक पोथीतला मूळ शब्द न खोडता समासात आपला पाठ लिहितो, तसेच हे. ही सोय अपघाताने झालेली नव्हती. कंपनीच्या आधीच्या 'वुल्फेनस्टाइन' या खेळात लोकांनी खटपटी करून आपली चित्रे घुसवली होती. ते पाहून प्रमुख प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी नव्या खेळात दार मुद्दामच उघडे ठेवले. १९९४ साली राफाएल क्विने आणि ब्रेंडन वायबर यांनी नकाशे बनवण्याचे साधन काढले. एक बेल्जियमचा, दुसरा न्यूझीलंडचा. पुढे लोकांनी हजारो नकाशे रचले. डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीने खेळाचा प्रोग्रॅमही सर्वांसाठी खुला केला. परिणाम काय? ज्या यंत्रांवर तो खेळ जन्मला ती यंत्रे केव्हाच भंगारात गेली, पण 'डूम' आजही नव्या संगणकांवर चालतो आणि त्याच्यासाठी आजही नवे नकाशे बनतात.

इतरांच्याही तऱ्हा पाहण्यासारख्या आहेत. १९९६च्या 'ड्यूक न्यूकेम'च्या गाठोड्याचे पहिले बारा बाइट म्हणजे चक्क त्या तरुण प्रोग्रॅमरचे नाव: केन सिल्व्हरमन! त्यात वस्तूंचे पत्तेही दिलेले नाहीत. फक्त नाव आणि आकार. आधीच्या वस्तूंचे आकार मिळवीत जायचे, की पुढचीचा पत्ता निघतो. त्याच वर्षीच्या 'क्वेक'मध्ये वस्तूच्या नावाला छप्पन्न अक्षरांपर्यंत जागा मिळाली. आणि १९९९च्या तिसऱ्या 'क्वेक'ने तर स्वतःचे गाठोडे बांधणेच सोडून दिले. त्याने घेतली ती सर्वांच्या माहितीची झिप फाइल. नावाचे शेपूट तेवढे बदलले. झिप ही फिल कॅट्झ यांची १९८९ सालची करणी. तिची बांधणी त्यांनी जाहीर केली होती. म्हणूनच ती टिकली. आज आपण वर्डमध्ये पत्र लिहितो किंवा मोबाइलवर ई-पुस्तक वाचतो, त्या फायलीही आतून झिपची गाठोडीच असतात.

पण साऱ्यांनीच असे केले नाही. 'डायब्लो'ची गाठोडी किंवा 'कमांड अँड काँकर'ची गाठोडी उघडून पाहिली, तर यादीत नावेच नाहीत. नावावर एक गणिती प्रक्रिया करून त्याचा आकडा बनवायचा आणि यादीत फक्त तो आकडा ठेवायचा, अशी ही रीत. नावावरून आकडा निघतो. आकड्यावरून नाव निघत नाही. खेळाला नावे ठाऊक असतात, त्यामुळे त्याचे काही अडत नाही, उलट शोध जलद होतो. बाहेरच्या माणसाला मात्र आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. मग हौशी मंडळींनी काय करावे? ती नावांचे तर्क लढवीत बसली. 'हे नाव असेल का? याचा आकडा जुळतो का?' असे करीत त्यांनी वर्षानुवर्षे याद्या जमवल्या. ज्यांची नावे ताडता आली नाहीत, त्या वस्तू आजही नुसत्या क्रमांकाने ओळखल्या जातात.

कंपन्यांनी असे करू नये काय? त्यांचा पैसा, त्यांचा माल. कुलूप घालण्याचा त्यांना हक्क आहे. त्या दिवसांत जळगाव-धुळ्यात खेळांच्या फ्लॉप्या या हातातून त्या हातात फिरत. तेव्हा चोरीची भीती त्यांनी बाळगली यात वावगे काही नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. 'डूम'च्या कंपनीने प्रोग्रॅम खुला केला, पण आपली चित्रे आणि नकाशे फुकट वाटले नाहीत. ते आजही विकत घ्यावे लागतात. म्हणून तर काही हौशी मंडळींनी त्याच बांधणीचे, पण स्वतः काढलेल्या चित्रांचे 'फ्रीडूम' हे संपूर्ण नवे गाठोडे तयार केले. गाठ कशी मारली हे सांगणे वेगळे आणि गाठीतला माल वाटणे वेगळे. या दोहोंची गल्लत आपल्याकडे फार होते.

आणि गाठ सांगितली नाही, की मालकावरही काय पाळी येते ते पाहा. आपल्या पिढीच्या ओळखीचा दुसरा खेळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. तो जॉर्डन मेकनर यांनी एकट्याने रचला आणि १९८९ साली ॲपल टू या यंत्रासाठी बाहेर आला. त्याचा मूळ प्रोग्रॅम खुद्द कर्त्याकडेच सापडेना. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉप्यांचा खोका मिळाला. जुनी यंत्रे जपणारे आणि ती चालवू जाणणारे दोघे जण मदतीला आले, फ्लॉप्या वाचल्या गेल्या आणि प्रोग्रॅम मेकनर यांनी जगापुढे ठेवला. कपाट आवरताना तो खोका रद्दीत गेला असता तर? तेवीस वर्षांत एवढ्या गाजलेल्या कृतीची ही अवस्था!

आता घरी येऊ. १९९०च्या दशकात मराठी मजकूर संगणकावर आला, तो कसा आला? भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली सरकारी मानक ठरले होते, युनिकोडही त्याच वर्षी जन्मले होते. पण छपाईच्या धंद्यात चालले ते वेगवेगळ्या कंपन्यांचे फॉन्ट आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. एकाच्या फॉन्टात ज्या आकड्याला 'क', त्याच आकड्याला दुसऱ्याकडे वेलांटी. म्हणजे फाइलीत मराठी मजकूर नव्हताच. होते ते नुसते आकडे आणि त्यांचा अर्थ सांगणारी किल्ली फॉन्टापाशी. ती किल्ली गेली, की 'आसोदा' लिहिलेल्या जागी कंसांची आणि प्रश्नचिन्हांची गिचमीड दिसते. नावे नसलेले गाठोडे म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की खेळवाल्यांनी ते समजून केले आणि आपण न समजता.

आमच्या भागातल्या एका गावाने १९९७च्या सुमारास स्मरणिका काढली होती. तिच्यासाठी म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या आणि लग्नातल्या अहिराणी गाण्यांचा भारा जमवून टाइप करून घेतला होता. पाने वाढली म्हणून छापताना निम्म्याहून अधिक गाणी गळली. ती फ्लॉपीवर राहिली. वह्या कोणी जपल्या नाहीत, 'कॉम्प्युटरमध्ये आहे ना' म्हणून. छापखाना पुढे बंद पडला. काही वर्षांपूर्वी ती फ्लॉपी माझ्याकडे आली. नशिबाने ती वाचता आली, फायली निघाल्या, मजकूर मात्र निघाला नाही. प्रचलित फॉन्टांसाठी रूपांतराची साधने आज मिळतात. हा फॉन्ट त्यांतला नव्हता. गाणी आहेत, पुरी आहेत, माझ्या टेबलावर आहेत आणि ती कोणालाही वाचता येत नाहीत. गाणाऱ्या बायका आता नाहीत.

याच मातीत बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. त्या गात आणि मुलगा सोपानदेव व मावसभाऊ पितांबर चौधरी ते उतरवून घेत. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह कविता प्रसिद्ध झाल्या आणि महाराष्ट्र थक्क झाला. मधला दुवा काय होता? साधी शाई, साधा कागद आणि कोणालाही वाचता येणारी अक्षरे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८पासून त्यांचे नाव आहे. ज्या भागात एवढा मोठा ठेवा एका वहीमुळे वाचला, त्या भागाने तरी 'कशावर लिहिले' आणि 'कोणाला वाचता येईल' हे प्रश्न क्षुल्लक मानू नयेत.

कोणी म्हणेल, मोडीचेही असेच झाले नाही का? झाले, पण पुरते नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली आणि आजोबांचे कागद नातवाला परके झाले. तथापि मोडीची किल्ली कोणाच्या मालकीची नव्हती. ती पुस्तकांत छापलेली होती, शिकणाऱ्याला शिकता येत होती, अजूनही येते. २०१४ साली युनिकोडमध्येही मोडीला जागा मिळाली. दोनशे वर्षांपूर्वीचा रुमाल आज सुटतो आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी सुटत नाही, याला विज्ञानाची प्रगती म्हणायचे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर उपाय अवघड नाहीत, खर्चाचेही नाहीत. पहिली गोष्ट, सार्वजनिक पैशातून जे काही संगणकावर चढेल, मग ते नगरपालिकेचे रेकॉर्ड असो, सहकारी संस्थेचे असो वा विद्यापीठातला प्रबंध, त्याच्या कंत्राटात एक कलम असावे: मजकूर युनिकोडमध्ये, बांधणी जाहीर असलेली आणि गाठोड्याची यादी साध्या मजकुरात गाठोड्यातच. ठेकेदार बदलला तरी गाठ सुटली पाहिजे. दुसरी गोष्ट, १९९० ते २००५ या काळातल्या फ्लॉप्या आणि सीड्या घरोघरी, छापखान्यांत, शाळांत पडून आहेत. फ्लॉपीवरचे चुंबकत्व उतरते, सीडीवरचा थर खराब होतो आणि ती वाचणारी यंत्रे तर दिसेनाशीच झाली आहेत. जिल्ह्याला एखादे जुने यंत्र आणि ते जाणणारा एक माणूस एवढे जरी एका वाचनालयात बसले, तरी पुष्कळ काम होईल. तिसरी गोष्ट, जुन्या फॉन्टांच्या किल्ल्या ज्यांच्यापाशी असतील त्यांनी त्या जाहीर कराव्यात. त्या फॉन्टांची विक्री केव्हाच थांबली असेल, तर किल्ली दडवून कोणाचा कसला फायदा?

हे लिहिताना कोणत्याही संस्थेकडे हिशेब मागण्याचा हेतू नाही. राजवाडे मंडळाने किंवा रामदासी हस्तलिखिते जपणाऱ्या समर्थ वाग्देवता मंदिराने जे सांभाळले, ते तुटपुंज्या साधनांनी आणि माणसांच्या निष्ठेवर सांभाळले. पण त्यांनी सांभाळलेला कागद निदान उलगडून पाहता येतो. आपल्या पिढीने मागे ठेवलेला ढीग त्याहून मोठा आहे आणि तो उलगडण्याची सोय आपण केलेली नाही. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' या दोन शब्दांवर आपण फार निर्धास्त राहिलो.

राक्षस मारण्याच्या खेळातले आवाज आणि विटा तीस वर्षांनी जशाच्या तशा हाती येतात, कारण त्या बांधणाऱ्यांनी वर बारा बाइटची चिठ्ठी लावली आणि ती कशी वाचायची हे लपवले नाही. आपल्या ग्रामपंचायतींचे ठराव, आपल्या शाळांची हस्तलिखिते, आपल्या आयाबायांची गाणी यांना तेवढी चिठ्ठी लावायला काही फार मोठे ज्ञान लागत नाही. ज्यांच्या घरी अशी एखादी फ्लॉपी किंवा सीडी असेल, त्यांनी ती या आठवड्यातच शोधून काढावी. पुढचा राजवाडे येईल तेव्हा येईल. त्याच्या हाती देण्याजोगे काही तोवर उरले पाहिजे.